पीठ लागलेला रुपया

एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. वय ४३, मूळ गाव लातूर जिल्ह्यात, वडलांची, म्हणजे आबांची, पिठाची गिरणी होती, आता नोकरीमुळं छत्रपती संभाजीनगरात राहतात. घरात आई, बायको, तेरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी. महिन्यापूर्वी मुलानं आजीच्या फोनवरून एका गेममधले डायमंड विकत घेतले, तीन वेळा मिळून १,८६० रुपयांचे. आजीला कळलं ते थेट बँकेत पासबुक भरून आणल्यावर. यांनी पोराला पट्ट्यानं मारलं. आजी मध्ये पडली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तू गिरणीच्या गल्ल्यातले रुपये नेऊन गेम खेळायचास तवा तुला कुणी हात लावला व्हता का?" यांना तीस वर्षं वाटत होतं की हे कुणालाच माहीत नाही. त्या दिवसापासून मुलगा बोलत नाही, मान खाली घालून जेवतो आणि उठून जातो. आता यांनी शहरातल्या एका माणसाकडं जुनं व्हिडिओ गेमचं मशीन बघून ठेवलंय, ४५ हजारांचं, त्यात 'मुस्तफा' हा गेम आहे, म्हणजे बापलेक शेजारी उभं राहून खेळतील आणि पोराला कळेल खरा गेम काय असतो. बायको म्हणते, "पोराला अठराशेसाठी मारलं आणि स्वतःला ४५ हजारांचं खेळणं?" पत्राच्या शेवटाकडं कंसात एक ओळ आहे: गल्ल्यात पैसे कमी भरतात म्हणून गिरणीवर कामाला असलेल्या पोराला आबांनी तेव्हा काढून टाकलं होतं, पण तो वेगळा विषय आहे. विचारलंय असं: आमच्या वेळचे गेम चांगले होते, व्यसन लावणारे नव्हते, हे पोराला कसं पटवू? मोबाईल पूर्ण बंद करू का? मशीन घेऊ का?

भाऊ,

आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा, कारण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य त्यांचं आहे आणि ते तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय.

तुमची आठवण वाचताना मी पार तिथं जाऊन उभी राहिले बघा. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी बस स्टँडमागं पत्र्याच्या शेडात दोन मशीनं आली, दाराला गोणपाटाचा पडदा, आत अंधार आणि बिडीचा वास, आणि तुमच्या खिशातल्या रुपयाला लागलेलं पीठ, जे तुम्ही आत जायच्या आधी चड्डीला पुसून काढायचात म्हणजे कुणाला कळू नये हा रुपया कुठून आला ते. (आपल्याकडं सालं अशीच मोजतात, भूकंपाच्या आधी आणि भूकंपानंतर. तो मुस्तफा पण १९९३ चाच, ज्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारी हादरली त्याच वर्षी जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो काढला. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते नाव आपल्याकडं कुणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही, चार खेळाडूंमधला पिवळ्या टोपीचा मुस्तफा सगळ्यात चपळ, सगळ्यांना तोच पाहिजे, म्हणून गेमलाच मुस्तफा म्हणायचे.) पहिला रुपया टाकला तो एका मिनिटात संपला, काय झालं तेच कळलं नाही, पण हात थरथरत होते आणि संध्याकाळी दळण मोजताना पण कानात तोच आवाज येत होता, हे तुम्ही इतकं छान लिहिलंय की मला वाटलं इथंच पत्र संपवायला पाहिजे होतं. पण तुम्ही पुढं लिहिलंय की ते सगळं निर्मळ होतं आणि आताचं सगळं घाण आहे, आणि तिथं माझं तुमचं जमत नाही.

माझीही एक आठवण सांगते, लहानच आहे. मी परभणीची. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, तेव्हा अख्खं शहर तिकडं जायचं. मी सातवीत होते. मौत का कुआं बघून झाला आणि भाऊ रहाटपाळण्याच्या रांगेत लागला आणि मी शेजारच्या तंबूत डोकावले तर तिथं जनरेटरवर चालणारं व्हिडिओ गेमचं मशीन. समोर कुणीच नाही. मी जाऊन दांडी धरली. पडद्यावरचा माणूस पळतोय, उड्या मारतोय, लोकांना आडवं करतोय, मी दांडी हलवतेय, बटणं दाबतेय, मला वाटलं आई शपथ आपल्याला तर येतंय की हे! चांगली दोन मिनिटं मी जगातली सगळ्यात भारी खेळाडू होते. मग मागून एक पोरगा म्हणाला, "ए ताई, कॉइन टाकलाच नाय, ते आपोआप चालतंय." सगळा तंबू हसला. ते डेमो असायचं ना, गिऱ्हाईक नसलं की मशीन स्वतःच खेळून दाखवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढायला.

हे सांगायचं कारण, तो डेमो कुणीतरी विचार करूनच बनवला होता. ती मशीनं निर्मळ नव्हती हो. एका रुपयात पोरगं अर्धा तास खेळलं तर दुकानदाराचं लाइटबिल निघणार नाही, म्हणून गेम असे बांधलेले की नवख्याची लाइफ दोन-तीन मिनिटांत संपली पाहिजे, पण मरताना त्याला वाटलं पाहिजे की थोडक्यात हुकलं. मेल्यावर पडद्यावर 'कंटिन्यू' यायचं आणि नऊ, आठ, सात असे आकडे उलटे मोजायचे, आठवतंय? ते आकडे खिशात हात घालायला लावण्यासाठीच होते. मुस्तफात दोन्ही बटणं एकदम दाबली की तो गरागरा फिरून सगळ्यांना पाडायचा, पण त्यात स्वतःचीच लाइफ थोडी कमी व्हायची, म्हणजे घाबरलेलं पोरगं जितकं बटणं दाबणार तितकं लवकर मरणार. १९९१ च्या स्ट्रीट फायटर दोनमध्ये तर समोर मशीनऐवजी दुसरं पोरगंच उभं केलं, दोघांतला एक हरणारच, दर दोन-चार मिनिटांनी एक कॉइन पक्का, दुकानदाराला अजून काय पाहिजे. आणि तुम्ही सगळे जे म्हणायचात ना की मालकानं आतून गेम अवघड केलाय, ते उगाच नव्हतं, तसल्या बऱ्याच मशीनच्या सर्किट बोर्डावर छोटे छोटे स्विच असायचे, किती लाइफ द्यायच्या आणि गेम किती कठीण ठेवायचा ते मालकाला त्यावरून लावता यायचं.

मग तुमच्या पोराचा गेम तुमच्या गेमचाच नातू झाला की नाही? उलटे मोजणारे आकडे तिथं पण आहेत, 'ऑफर संपायला इतके तास' म्हणून. थोडक्यात हुकलं हे तिथं पण आहे.

आता फरक नाहीच असंही मी म्हणणार नाही, फरक आहे आणि मोठा आहे, पण तो तुम्ही म्हणता तिथं नाही. तुमच्याकडं पाच रुपये असले तर पाचच होते. सहावा रुपया आणायला चालत गिरणीत जावं लागायचं, आबांची पाठ फिरायची वाट बघावी लागायची, गल्ल्यात हात घालावा लागायचा, तो रुपया हाताला लागायचा, त्याला वजन होतं, पीठ होतं. तेवढ्या वेळात माणूस स्वतःशी काहीतरी बोलतो. कधी लाइट जायची आणि लोडशेडिंगनं तुमचे तीन-चार रुपये वाचायचे. शिवाय तो पडदा कितीही जाड असला तरी गावात कुणीतरी बघितलेलं असायचंच, "गिरणीवाल्याचं पोरगं रोज तिथं असतंय" असं आबांपर्यंत दोन दिवसांत गेलं असेल. तुमच्या पोराला यातलं काहीच मिळालं नाही. आधी रुपयाचे डायमंड होतात म्हणजे तो रुपया राहतच नाही, मग चार आकडी पिन, मग हिरवी टिकली आणि झालं. तीन वेळा मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. चोरी करायला तुम्हाला जेवढी हिंमत लागली तेवढी त्याला लागलीच नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याला अजूनही नीट कळलेलं नसेल की आजीच्या पेन्शनीतून काय गेलं. हे समजावून सांगता आलं असतं. पट्ट्यानं ते सांगता येत नाही.

दुसरं, 'आम्ही चार पोरं एकत्र खेळायचो आणि हा एकटा कोपऱ्यात बसतो'. तो खरंच एकटा खेळतो का? हेडफोन लावून तो कुणाशी तरी बोलत असतो असं तुम्हीच लिहिलंय. त्याच्या टीममधली बाकीची तीन पोरं कोण, त्यांची नावं तुम्हाला माहितीयत का? वर्गातलीच असतील बहुतेक, एखादा जालन्याचा नाहीतर नांदेडचा असेल. आणि टीममधल्या सगळ्यांचे नवे कपडे आणि बंदुका आणि आपल्या पोराचा तोच फुकटातला जुना गणवेश, हे तेराव्या वर्षी किती झोंबतं ते ज्यानं दुसऱ्याच्या खांद्यावरून मुस्तफा बघत तासन् तास काढलेत आणि "एक लाइफ दे ना रे" म्हणलंय त्याला तरी कळायला पाहिजे.

आणि 'चार पोरं' म्हणजे पोरं, पोरी नाहीत, हेही जाता जाता. मी त्या तंबूत परत गेले नाही ते हसले म्हणून नाही, पोरीची जात तिथं काय करते असं घरी आल्यावर आजी म्हणाली म्हणून. जपानमध्ये पण तेच होतं, तोरू इवातानी नावाच्या माणसाला वाटलं की गेमची दुकानं म्हणजे नुसती पुरुषांची जागा झालीय, बायकांनी पण यावं असं काहीतरी करू, म्हणून त्यानं मारामारी सोडून खाण्यावर गेम काढला, तो १९८० चा पॅकमॅन. तुमच्या पत्रात तुमच्या मुलीबद्दल एकच वाक्य आहे, "मुलगी लहान आहे, तिला यात रस नाही." विचारलंत का तिला? नाही ना?

बरं, आता काय करायचं ते. अशी पत्रं हल्ली मला बरीच येतात, कुणाच्या आईचा फोन, कुणाच्या वडलांचं पीक विम्याचं खातं, नातवानं गेममध्ये पैसे घातले. तेव्हा हे त्या सगळ्यांनाही.

मारल्याबद्दल पोराची माफी मागा. वेगळी मागा, पैशाच्या विषयात मिसळू नका. "मी तुला मारलं, चुकलं माझं, परत मारणार नाही" एवढंच आणि गप्प बसा. "पण तू पण" हे शब्द तोंडात येतील, गिळून टाका. तो लगेच गळ्यात पडणार नाही, कदाचित उठून जाईल, जाऊ द्या. महिनाभराची शांतता एका वाक्यात जात नसते. आणि एक बघा, तो बोलत नाही ते गेममुळं नाही, तुमच्यामुळं आहे, हे दोन्ही आजार एकत्र धरू नका. जेवण तुटलं, झोप उडाली, जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलायला लागला तर मात्र वाट बघायची नाही, १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तिथं फोन लावा आणि जवळच्या डॉक्टरकडं न्या.

पैसे आजीचे गेलेत, तुमचे नाही. म्हणून हिशोब तो आणि आजी यांच्यात होऊ द्या, तुम्ही न्यायाधीश होऊ नका, तुमचं स्वतःचंच प्रकरण प्रलंबित आहे. आजीनं ठरवावं १,८६० कसे फेडायचे, खाऊच्या पैशातून महिन्याला शंभर का सुट्टीत अजून काही. माझ्या मते यातली चांगली फेड म्हणजे त्यानं आजीला तिचा फोन शिकवणं. तुम्हीच लिहिलंय की फोन त्यानंच लावून दिला, पिनसुद्धा त्यानंच टाकला, आजीला तो आठवतही नाही. म्हणजे घरातल्या म्हातारीच्या खात्याची किल्ली तुम्ही सगळ्यांनी मिळून तेरा वर्षांच्या पोराकडं दिली होती आणि दोन वर्षं त्यानं नीट सांभाळली, हेही धरा की हिशोबात! आता पिन बदला, आजीनं स्वतः टाकावा, कुणाला सांगू नये. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड विचारायची सोय आहे, ती चालू करा. यूपीआय लाइट चालू असेल तर छोट्या रकमेला पिन लागतच नाही, ते बंद करा. आणि पेन्शनीचं खातं यूपीआयला जोडूच नका, दुसरं खातं काढून त्यात हजार-दोन हजार ठेवा, भाजीपाल्याला तेवढं पुरतं. पैसे परत मिळायचं म्हणाल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत मागितलं तर सोपं जातं, तुमचा महिना उलटलाय, तरी एकदा मागून बघा, मागायला काय जातंय.

एवढं मात्र नक्की बघून घ्या की तो डायमंडचाच गेम आहे, पैसे लावून पैसे जिंकायचा नाही. त्या दुसऱ्या प्रकारावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचाच कायदा केलाय, आणि तसं काही फोनमध्ये निघालं नाहीतर कुणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० वर लगेच तक्रार करा.

मोबाईल पूर्ण बंद? नाही. तुम्हाला जर कुणी सांगितलं असतं की त्या शेडाकडं फिरकायचं नाही, तर तुम्ही थांबला असतात का, मागच्या बाजूनं गेला असतात. हा मित्राच्या फोनवर खेळेल आणि मग तुम्हाला काहीच दिसणार नाही. वेळ ठरवा, त्याच्याशी बोलून ठरवा, आणि मॅच अर्ध्यात असताना फोन ओढून घेऊ नका, त्याच्यामागं त्याची तीन पोरं हरतात. व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार २०१९ मध्ये यादीत घेतला, पण त्यात नुसतं जास्त खेळणं नाही येत, स्वतःवर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागं पडतं, नुकसान दिसत असून थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं असतं. तुमचा मुलगा शाळेत जातो, संध्याकाळी क्रिकेटला जातो, मार्क घसरले नाहीत. त्याला लगेच व्यसनी म्हणू नका.

आता ती कंसातली ओळ.

तुम्ही म्हणता तो वेगळा विषय आहे. मला तर वाटतं तुम्ही सगळं पत्र त्या ओळीभोवती फिरून लिहिलंय. पोराला पट्ट्यानं मारलं ते १,८६० रुपयांसाठी नसावं, तुमच्या पगाराला ते एवढे जड नाहीत. कुणीतरी घरातल्याच्या पैशाला हात लावलाय आणि भलत्यालाच भोगावं लागणार, ही गोष्ट तुम्ही आतून ओळखता. तेव्हा तुम्ही गप्प बसलात. तेराव्या-चौदाव्या वर्षी गप्प बसणं मी समजू शकते, भीतीच तेवढी असते. पण नंतर विसाव्या वर्षी, तिसाव्या वर्षी, आबा असताना? मी टोचायला विचारत नाहीय, तुम्ही स्वतःला हे विचारलेलं दिसत नाही म्हणून विचारतेय.

तुम्ही लिहिलंय तो तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता आणि तुमच्याच गल्लीतला. म्हणजे पंधरा-सोळाचा. चोर म्हणून काढून टाकलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला तुमच्या एवढ्याशा गावात पुढं कुणी कामावर ठेवलं असेल? मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि ते माहीत करून घ्यायला पाहिजे असं माझं म्हणणं आहे.

आधी आईला विचारा, एकटीला, स्वयंपाकघरात, पोरं शाळेत असताना. तिला माहीत होतं तर आबांना माहीत होतं का? होतं तर त्या पोराला का काढलं? का आबांना मागाहून कळलं? असंही असेल की त्याला काढायचं कारण निराळंच होतं आणि तुम्ही तीस वर्षं भलताच दगड डोक्यावर घेऊन फिरताय. किंवा असंही असेल की आईनं तुम्हाला वाचवलं आणि तेव्हापासून ती पण ते घेऊन बसलीय, त्या दिवशी पोराच्या अंगावर पट्टा पडताना तिच्या तोंडून जे निघालं ते तुम्हाला लाज आणायला नसेल, तिलाच ते आत धरवलं नसेल. "आबा गेले, आता त्यांच्या माघारी कशाला" असं ती म्हणेल कदाचित. तरी विचारा.

मग त्या माणसाचा पत्ता काढा, गावाकडं अवघड नाही ते. फोनवर नाही, जाऊन. पोराला सोबत नेऊ नका, त्याला दाखवायला म्हणून तुम्ही जात नाही आहात. सरळ सांगा, पैसे मी घेत होतो, तुमच्यावर आलं, मी बोललो नाही. हातात पाकीट कोंबू नका. तो शिव्या घालेल, चहा पाजेल, किंवा म्हणेल मला आठवतच नाही आणि तुम्हाला कळेल की आठवतंय. त्यानं माफ करावं म्हणून थांबून राहू नका, ते त्याच्यावर अजून एक ओझं होतं. काही मदत लागत असेल तर विचारा, पण ते दुसऱ्या खेपेला. आणि गावात कुणी त्याला अजून त्या गोष्टीवरून बोलत असेल तर चार माणसांत हे सांगायची तयारी ठेवा, आरोप चारचौघांत झाला होता तर तो काढायचा पण चारचौघांत.

पोराला हे सगळं सांगायचं का? सांगा, पण तिकडं जाऊन आल्यावर. आधी सांगितलंत तर ती नुसती गोष्ट होते, बापाच्या लहानपणीची गंमत. आणि पीठ पुसल्याचं सांगा त्याला. आमचे गेम कसे चांगले होते ते सांगू नका, त्यात त्याला काडीचा रस नाही.

राहिलं मशीन. मी त्याला वेडेपणा म्हणणार नाही, वहिनी रागावल्या तरी. तो गेम अधिकृतपणे घरच्या मशीनवर कधी आलाच नाही, स्ट्रीट फायटरसारखे गेम कंपन्यांनी पुन्हा काढले, रीतसर विकत मिळतात, मुस्तफाचं तसं झालं नाही, तेव्हा दांडी-बटणावर तो खेळायची ओढ मला कळते. पण आत्ता घेऊ नका. आत्ता घेतलंत तर ते पोराला लाच वाटेल नाहीतर शिकवणी, आणि तो न खेळता बाजूला उभा राहील, आणि मग तुम्हाला राग येईल, आणि ४५ हजारांचं कपाट होऊन ते हॉलमध्ये पडून राहील. आधी त्याच्या शेजारी बसून त्याचा गेम एक तास बघा. त्याला म्हणा मला शिकव. तुम्ही पहिल्या मिनिटात मराल, पहिल्या रुपयासारखेच, तो हसेल कदाचित, तेवढं झालं तरी बास.

दिवाळीपर्यंत मन तेच म्हणत असेल तर बघायला जा, चौघंही जा. मशीन तासभर चालू ठेवून बघा, गरम झाल्यावर चित्र हलतं का, दांडी चारी बाजूंना लागते का, प्लायवूडला खालून वाळवी आहे का. पडदा जुन्या टीव्हीच्या काचेच्या नळीचा असेल तर मागचं झाकण स्वतः उघडायचं नाही, बंद केल्यावर पण त्यात हजारो व्होल्टचा विजेचा भार साठून असू शकतो, जुना टीव्ही मेकॅनिक गाठा, असे लोक आता थोडेच उरलेत तेव्हा मशीन घ्यायच्या आधी तो माणूस शोधा. वर्षाला दुरुस्तीचे काही हजार धरूनच भाव करा, ४५ जास्त वाटतात मला.

आणि घेतलंच तर पहिला डाव मुलीला द्या, डेमो चालू असताना नाही, कॉइन टाकून. फुकटचं बटण लावून देतो म्हणेल तो माणूस, नको म्हणा. खरा बंदा रुपया टाकूनच चालू द्या, तुमच्या सकट सगळ्यांना, आणि खालच्या गल्ल्याची चावी आजीकडं.